कोगनोळीचा नको

निपाणीच्या एका छापखान्यात मी जुळारी आहे. शिशाचे खिळे एकेक उचलायचे, उलट्या अक्षरांची ओळ लावायची, ती यंत्रावर चढवायची, छापून झालं की खिळे परत आपापल्या घरात टाकायचे. तंबाखूच्या पुड्यांची लेबलं, लग्नपत्रिका, कुस्त्यांच्या आणि नाटकांच्या जाहिराती, कोर्टाच्या नोटिसा, सगळं या हातांखालून गेलं. एकवीस वर्षं एवढं करूनही अक्षर म्हणजे काय असतं हे मला कळलं ते छत्तीस सालच्या वैशाखात, आणि ते कळलं एका निरक्षर बाईमुळे. त्याला आज दहा वर्षं झाली.

त्या दिवशी दुपारी कल्याणीबाई सर्व्हिस मोटारीतून उतरून थेट छापखान्यात आल्या. त्या कोगनोळीच्या मुलींच्या शाळेत शिकवायच्या. घर बेळगावचं, वडील वकील. ट्रेनिंग करून दोन वर्षांपूर्वी या खेड्यात आल्या होत्या. पदरावर रस्त्याची धूळ तशीच होती. त्यांनी पिशवीतून एक कागद काढून माझ्यापुढे ठेवला.

“हरिभाऊ, हे वाचा.”

मी चष्मा पुसला. वरून, सरकारातून आलेली जाहिरात होती. सतरा ओळी, बारीक खिळा, शाई फिकट. शेवटपर्यंत पोचायला मलाही वेळ लागला.

“गावात पटकी आलीय,” बाई म्हणाल्या. “आठ दिवसांत सहा माणसं गेली. त्यात माझ्या दुसरीतली एक मुलगी आहे. दोष पिंपळाच्या विहिरीचा. डॉक्टरांनी लाल औषध टाकलंय, पण महिनाभर तिला शिवू नका म्हणालेत. आणि हा कागद चावडीवर लावलाय. बायका कधी चावडीवर जातात?”

“दवंडी दिली असंल की.”

“दिली. दवंडी एकदा होते, विहीर दिवसभर उघडी असते. शिवाय ती रस्त्याकडेला आहे. निपाणीचा तंबाखू घेऊन कोल्हापूरला जाणारी प्रत्येक गाडी तिथे थांबते. त्या माणसांनी कुठे दवंडी ऐकलीय? दोन दिवस मी स्वतः काठावर बसले. तिसऱ्या दिवशी शाळेत जावं लागलं, तेवढ्यात चार जणांनी पाणी नेलं.”

आमचे मालक रघुवीरराव गादीवरून ऐकत होते. त्यांनी विचारलं, “मग काय छापायचं?”

“वीस पावलांवरून दिसेल असं काहीतरी. ज्याला वाचता येत नाही त्यालाही कळेल असं.”

“बाई,” मी म्हणालो, “ज्याला वाचता येत न्हाय त्याला छापून काय कळणार?”

“ते मला माहीत नाही. म्हणून तर तुमच्याकडे आले.”

आम्ही मजकुराला हात घातला. सतराच्या चार ओळी केल्या, चाराची एक. ‘या विहिरीचे पाणी पिऊ नये.’ बाई म्हणाल्या, अजून लांब आहे. ‘पिऊ नका.’ तेही त्यांना पटेना. मग त्या म्हणाल्या, “आई पोराला चुलीपासून मागे ओढते तेव्हा काय म्हणते?”

“नको.”

“तेवढंच छापा.”

नाटकाच्या जाहिरातींसाठी रघुवीररावांनी मुंबईहून लाकडी अक्षरांचा एक संच आणवला होता. वीतभर उंचीची, गुळगुळीत अक्षरं. ते स्वतः तेलाच्या फडक्यानं पुसायचे. त्यातला ‘न’ काढला, ‘क’ काढला, काना-मात्रेचा तुकडा वेगळा होता तो काढला. नेहमीच्या रिवाजानं मोकळी जुळणी केली. अक्षर मोकळं बसवावं, त्याला अक्षरानं खेटू नये, असं मी ज्यांच्या हाताखाली शिकलो त्यांनी बजावलं होतं. पांढऱ्या कागदावर काळ्या शाईत वीस प्रती काढल्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या मोटारीनं मी बाईंबरोबर कोगनोळीला गेलो.

विहिरीच्या दगडी काठावर, पिंपळाच्या खोडाला, रहाटाच्या खांबाला आम्ही कागद डकवले. मग रस्त्यापलीकडच्या बाभळीखाली जाऊन उभे राहिलो. ऊन चढलं होतं. तिथून बघतो तर पांढरा कागद उन्हात नुसता चकाकत होता, डोळ्यांवर येत होता. त्यावर काळं काहीतरी सांडल्यासारखं दिसत होतं. वाचता येणारा मी. मलाही शब्द लागेना. आमच्यादेखत एक गाडीवान बैल सोडून विहिरीकडे गेला, कागदाशेजारीच हात टेकून त्यानं दोर सोडला. बाई धावत गेल्या आणि त्याला थांबवलं.

तेवढ्यात डोक्यावर घागर घेऊन एक बाई आल्या. उंच, उन्हानं रापलेल्या, पस्तिशीच्या. कल्याणीबाईंनी ओळख करून दिली. या मालुबाई. घरात पटकीनं धाकटी जाऊ गेली होती. तेव्हापासून त्या मैलभर लांब मळ्यातल्या विहिरीचं पाणी आणत होत्या. मी त्यांना विचारलं, “मालुबाई, हितनं त्या कागदावर काय दिसतंय?”

त्यांनी घागर उतरवली नाही. डोळे बारीक करून बघितलं.

“मला कुठलं वाचाय येतंय, अण्णा.”

“वाचू नका. नुसतं बगा. काय दिसतंय?”

“तिघंजनं हाईत. भांडून लांब लांब उभारल्यागत दिसत्यात. एकमेकाकडं बगीनात.”

एवढं बोलून त्या निघून गेल्या. मी त्या कागदाकडे बघत राहिलो. खरंच तिघं होते. ‘न’ एकीकडे, ‘क’ मधे, काना-मात्रा पलीकडे, आणि दोन्ही फटींतून पांढरं ऊन आरपार. आपल्या लिपीत शब्दाच्या डोक्यावरून एक रेघ जाते ती कशासाठी? शब्द एक व्हावा म्हणून. मी ती रेघ दोन जागी तोडली होती. वाचणाऱ्याचा डोळा अशी तुटलेली रेघ सवयीनं जोडून घेतो. मालुबाईंच्या डोळ्याला तशी सवय नव्हती. होतं तेवढंच त्यांनी बघितलं.

संध्याकाळच्या मोटारीनं मी एकटाच निपाणीला परतलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आधी रंगाचं बघितलं. आमच्याकडे कुस्त्यांच्या जाहिरातींचा पिवळा, गुलाबी आणि हिरवा कागद होता. काळी आणि लाल शाई होती. जितक्या जोड्या होतील तितक्या छापून समोरच्या तंबाखूच्या वखारीच्या भिंतीवर लावल्या आणि दिवसभर येता-जाता बघत राहिलो. हिरव्यावरचं काळं बुडून गेलं. गुलाबीवरचं लाल जवळून देखणं, दहा पावलांवर पुसट. पिवळ्यावरचं लाल मला आवडलं होतं, पण वखारीतल्या निवडणाऱ्या बायका जाता-जाता थांबल्या आणि एकीनं विचारलं, “कुनाचं लगीन हाय?” बरोबरच होतं. हळदीवर कुंकू, त्यात धोका कुणाला दिसणार?

दिवेलागणीला मी पुन्हा रस्त्यावर आलो, कारण बायका पाण्याला पहाटेच्या अंधुक उजेडात जातात. तेव्हा एक नवल बघितलं. उजेड कमी होत गेला तसं सगळ्यांत आधी लाल मावळलं. दुपारी ओरडणारा रंग आता मातीसारखा झाला होता. पिवळ्यावरचं काळं मात्र तसंच उभं होतं. उलट जास्तच पुढं आल्यासारखं वाटत होतं.

रवळू सुतार शेजारच्याच गल्लीत राहायचा, तो तिथे उभा होता. मी म्हणालो, “रवळू, काळं-पिवळं कसं वाटतंय?”

“गांधीलमाशीवानी,” तो म्हणाला. “तिला शान्या मानसानं शिकवाय लागत न्हाय, हात लावू नगो म्हनून.”

रंग ठरला. आता राहिली फट. ती काढायची तर लाकडी अक्षरांच्या बाजू तासायला हव्या होत्या. प्रत्येक अक्षराच्या दोन्ही अंगांना लाकडाची पट्टी मोकळी सोडलेली असते. ती गेली तरच रेघेला रेघ भिडणार. दुसऱ्या दिवशी सकाळी मी रवळूला बोलावून घेतलं. रघुवीररावांना सांगितलं तेव्हा ते उठून उभेच राहिले.

“हरिभाऊ, एकदा तासलं की ते परत जोडता येणार आहे का? उद्या नाटकवाले आले तर हा ‘न’ कुठे वापरू?”

“येनार न्हाय.”

“दुसरा काही मार्ग?”

“मला दिसत न्हाय.”

ते अक्षरांच्या पेटीपाशी गेले. मग त्यांनी ‘न’ उचलला, फडक्यानं पुसला आणि स्वतः रवळूच्या हातात दिला. “नीट धर,” एवढंच म्हणाले.

रवळूनं रंधा लावला. पातळ ढलपा निघाला. “किती घेऊ?”

“गालाला गाल लागंस्तवर.”

तो एकेक ढलपा काढायचा, मी अक्षरं शेजारी ठेवून उजेडाकडे धरायचो. फटीतून उजेड दिसला की पुन्हा रंधा. ‘न’चं उजवं अंग, ‘क’ची दोन्ही, काना-मात्रेचं डावं. शेवटी शेवटी रवळूनं रंधा ठेवला आणि काचेच्या खरखरीत कागदानं घासायला लागला. एकदा मी अक्षरं उजेडाकडे धरली तर मधून काहीच आलं नाही. वरची रेघ सलग झाली होती. ‘क’चा उजवा कान कान्याला टेकला होता आणि ‘न’ त्याच्या पाठीला पाठ लावून बसला होता. तिघंही एकमेकांना धरून होते.

शाई लावली, पिवळा कागद ठेवला, दाब दिला आणि कागद उचलला. मी तो ओला कागद दोन्ही हातांनी धरून रस्ता ओलांडला, वखारीच्या भिंतीवर डकवला आणि वळून न बघता चालत निघालो. तीस पावलं मोजली. मग वळलो.

एकवीस वर्षांत मी लाखो अक्षरं जुळवली असतील. शब्द असा कधी बघितला नव्हता. तो वाचावा लागत नव्हता. डोळा तिकडे जायच्या आत तोच डोळ्यात येत होता. तीन तुकडे गेले कुठे ते कळेना. तिथे एकच काळी, जड वस्तू होती, भिंतीतून बाहेर आलेली, आणि तिला आवाज होता. मी आणखी मागं गेलो. पन्नास पावलं, साठ. बाजारातून येणारा एक हमाल डोक्यावरच्या बोचक्यासकट वखारीपुढे थबकला, आणि आत जाऊ का नको अशा मुद्रेनं दाराकडे बघू लागला. खोटं कशाला बोलू, थोडी भीती वाटली. आपण हे रोज हाताळतो, रोज रॉकेलनं धुतो, आणि यात एवढं बळ आहे.

रघुवीरराव माझ्या शेजारी येऊन उभे राहिले होते. “हरिभाऊ,” ते हळू आवाजात म्हणाले, “तो कागद काढा तिथून. वखार बंद पडेल.”

त्या दिवशी आम्ही साठ प्रती काढल्या.

मी पुन्हा कोगनोळीला गेलो. विहिरीच्या चारी अंगांना आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कागद लावले. शाळेच्या दारावरही एक लावला. कल्याणीबाईंनी मुलींना तो दाखवून एकदाच म्हणून घेतलं, “नको.” मुलींनी तो घरी नेला, कागद नव्हे, नुसता आकार. संध्याकाळपर्यंत गल्लीतल्या धुळीत, काडीनं, बोटानं, जागोजागी तो उमटलेला मी बघितला. रेघ मात्र सगळ्यांची सलग होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाभळीखाली बसून होतो. निपाणीकडून पाच गाड्या आल्या. बैलांना ती विहीर ठाऊक होती, ते आपणहून वळले. पहिला गाडीवान बादली-दोर घेऊन उतरला आणि विहिरीकडे निघाला. दहा-बारा पावलांवर थांबला. एका कागदाकडे बघितलं, मग दुसऱ्याकडे, मग पिंपळाकडे. कुणीतरी अंगणात उभं राहून अडवावं तसा तो उभा होता. त्याच वेळी मालुबाई मळ्याकडून भरली घागर घेऊन येत होत्या.

“आक्का,” त्यानं विचारलं, “हे काय लावलंय?”

“नको म्हनतंय ते,” मालुबाई चालता चालताच म्हणाल्या.

“कोन म्हनतंय?”

“ते की. त्यो कागूद.”

आणि मग त्या जागच्या जागी थांबल्या. घागरीतलं पाणी हिंदकळून त्यांच्या खांद्यावर सांडलं, तिकडे त्यांचं लक्ष नव्हतं. आपण काय बोललो ते त्यांना आत्ता कळत होतं. त्यांनी घागर खाली ठेवली, कागदाजवळ गेल्या, बोट उचललं, पण टेकवलं नाही.

“मी वाचलं व्हय?” त्यांनी मला विचारलं.

“व्हय, मालुबाई. वाचलंसा.”

गाडीवान बादली हातात घेऊन तसाच उभा होता. मला आठवतं, त्या वेळी वारा नव्हता आणि पिंपळाचं एक पानसुद्धा हलत नव्हतं. मालुबाईंच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी देवळातही क्वचित बघितलंय. मग त्यांनी गाडीवानाला मळ्यातल्या विहिरीची वाट दाखवली आणि घागर उचलून घरी गेल्या.

त्यानंतर गावात आणखी दोन माणसं गेली. त्यांना रोग आधीच लागला होता. पंधराव्या दिवसापासून नवीन कुणी आजारी पडलं नाही. ते एका कागदानं झालं असं मी म्हणणार नाही. डॉक्टरांचं औषध होतं, टोचणारे येऊन गेले होते, बाई दारोदार फिरून पाणी उकळायला सांगत होत्या. पण त्या विहिरीवर महिनाभर दोर पडला नाही, हे खरं. पुढे पावसानं कागद धुऊन नेले, विहीर उपसून साफ केली आणि ती पुन्हा वापरात आली. तासलेल्या ‘न’चं म्हणाल तर रघुवीररावांनी दुसरा आणवला नाही. निपाणीच्या नाटकांच्या जाहिरातींत तो पुढच्या अक्षराला खेटून बसायचा आणि लोकांना ती आमच्या छापखान्याची ऐट वाटायची.

दिवाळी झाल्यावर एका बाजाराच्या दिवशी मालुबाई छापखान्यात आल्या. बरोबर अकरा वर्षांची मुलगी होती, अक्काताई, कल्याणीबाईंच्याच शाळेतली. रघुवीररावांनी बसायला सांगितलं तरी त्या दाराशीच उभ्या राहिल्या.

“अण्णा, तुमास्नी एक सांगाय आलते,” त्या म्हणाल्या. “हिला बगाय पावनं येनार हुतं. सदलग्याचं. मानूस चाळिशीचा, पयली बायकू वारलेली. थोरल्या दिरानं ठरीवलं. आमच्यात त्येंच्यापुढं बाईमानूस त्वांड उघडत न्हाय. ह्येंचं बी चालत न्हाय.”

“मग?”

“मग पाट मांडला पावन्यास्नी बसाय. पाटाला हळद सारवली. वर तव्याची काजळी घिऊन ल्हिवलं.” त्यांनी मान खाली घातली. “येवडं एकच येतंय मला.”

“पाहुणे काय म्हणाले?” रघुवीररावांनी विचारलं.

“त्येंच्यात एक मास्तर हुता. त्येनं वाचलं आन् माज्याकडं बगितलं. दाराआडनं मी बी बगितलं. त्यो म्हनाला, ‘हितं बसाय जागा न्हाय, चला.’ गेलं समदं उठून. दीर आठ दिस बोललं न्हाईत. मी बी बोलली न्हाय. जे बोलायचं त्ये पाटावर बोलून झालतं.”

सांगताना त्यांच्या आवाजात फुशारकी नव्हती. स्वतःच्या हातून काय झालं याचं त्यांना अजून नवलच वाटत होतं. अक्काताई तोवर खिळ्यांच्या घरांपुढे जाऊन उभी होती. शेकडो छोटी घरं, प्रत्येकात एक एक अक्षर. मालुबाईही हळूहळू तिथे आल्या.

“ह्यात समदं हाय?” त्यांनी विचारलं. “मानूस जे जे बोलतंय ते समदं?”

“समदं.”

“शिव्या बी?”

“त्या बी.”

त्या पहिल्यांदा हसल्या. मग मुलीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाल्या, “हिचं नाव कुटं हाय दावा.”

मी ‘अ’च्या घरात हात घातला. अक्काताईनं माझ्याआधी ‘क’चं घर ओळखलं आणि खिळा उचलून मला दिला. नाव जुळवून मी पिवळ्या कागदाच्या तुकड्यावर काळ्या शाईत उठवलं. मुलीनं ते मोठ्यानं वाचलं, आणि मालुबाई कागदाकडे न बघता वाचणाऱ्या मुलीच्या तोंडाकडे बघत राहिल्या.

अक्काताई पुढे सातवीची फायनल पास झाली. गेल्या जूनपासून बेळगावला ट्रेनिंगला आहे. मालुबाई चार वर्षं संध्याकाळी कल्याणीबाईंकडे जाऊन वाचायला शिकल्या. बाजाराच्या दिवशी निपाणीला आल्या की वखारींच्या पाट्या, मोटारींवरची नावं, भिंतींवरच्या जाहिराती मोठ्यानं वाचत चालतात, आणि एखादी फटी पडलेली, विस्कटलेली दिसली की वाट वाकडी करून छापखान्यात येतात आणि मला सांगून जातात.